पोराला दवाखान्यात नेता आलं नाही, त्या बापाने बर्फावर धावणारी गाडी बनवली. आज तिच्या वाटेसाठी सरकार पैसे मोजतंय

मुंबईत पश्चिम रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्याला 'बंबार्डियर' हा शब्द नवा नाही. २०१५ पासून ज्या नव्या लोकल धावायला लागल्या, त्यांचे डबे चेन्नईच्या कारखान्यात बनलेले, पण आतली विजेची यंत्रणा बॉम्बार्डियर नावाच्या कंपनीची. झालं, मुंबईकरांनी गाडीलाच ते नाव चिकटवून टाकलं.

पण हे आडनाव आहे, आणि ज्या माणसाचं ते आडनाव होतं त्याचा लोकलशी काही संबंध नव्हता. तो राहत होता कॅनडातल्या एका खेड्यात, जिथे वर्षातले चार-पाच महिने रस्ता म्हणून काही दिसायचंच नाही. त्याचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नाभोवती फिरलं. बर्फाने बुजलेल्या वाटेचं करायचं काय, आणि ते करायचं कोणी?

त्याचं नाव जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डियर. जन्म १६ एप्रिल १९०७, क्युबेक प्रांतातल्या वालकूर गावात. क्युबेक म्हणजे कॅनडाचा फ्रेंच बोलणारा भाग. आठ भावंडांत हा थोरला. बाप आल्फ्रेड आधी शेतकरी, नंतर त्याने गावात दुकान टाकलं. घर देवभक्त कॅथलिक. थोरल्या पोराने पाद्री व्हावं अशी वडिलांची इच्छा, म्हणून त्याला शेरब्रुक शहरातल्या धर्मशाळेत शिकायला घातलं. पोराचं डोकं मात्र प्रार्थनेत कमी आणि यंत्रांत जास्त. हाताला लागेल ते खोलायचं, त्याचं दुसरंच काहीतरी बनवायचं.

वडिलांनी शेवटी हात टेकले आणि फोर्डच्या जुन्या मॉडेल-टी गाडीचं इंजिन त्याच्या हवाली केलं. बिघडलेलं इंजिन आहे, बसेल खेळत, एवढाच हिशोब.

३१ डिसेंबर १९२२. आर्मांड १५ वर्षांचा. त्याने आणि धाकट्या भावाने, लिओपोल्डने, शेडचं दार उघडलं आणि आतून एक विचित्र प्रकार बाहेर काढला. लाकडी घसरगाडी, तिच्यावर ते इंजिन, आणि मागे विमानाला असतो तसा उघडा पंखा. दोघे त्यावर बसून गावातून जवळपास एक किलोमीटर धडधडत गेले. कुत्री भुंकायला लागली, माणसं बाजूला पळाली. तो गरगरणारा पंखा पाहून बापाच्या पोटात गोळा आला आणि त्याने ती गाडी तिथल्या तिथे मोडून टाकायला लावली.

गाडी मोडली, डोक्यातला किडा गेला नाही. १७ व्या वर्षी त्याने धर्मशाळा सोडली आणि गॅरेजात उमेदवारी केली. १९२६ मध्ये, म्हणजे १९ व्या वर्षी, वालकूरमध्ये स्वतःचं गॅरेज टाकलं. पैसे वडिलांनी उधार दिले होते, ते त्याने तीन वर्षांत फेडले. १९२९ मध्ये इव्होन लाब्रेक हिच्याशी लग्न झालं.

गॅरेज उन्हाळ्यात जोरात चालायचं. हिवाळा आला की मात्र शुकशुकाट. कारण सोपं होतं. त्या काळात क्युबेकच्या ग्रामीण भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचं काम सरकार करत नव्हतं. पहिला मोठा बर्फ पडला की लोक मोटारी शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवून ठेवायचे आणि वसंतापर्यंत घोड्याची घसरगाडी जुंपायचे. मोटारच रस्त्यावर नाही तर मेकॅनिककडे येणार कोण? म्हणून हिवाळ्यात आर्मांड आपल्या गॅरेजात बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करत बसायचा. वर्षामागून वर्षं. कधी गाडी रुतायची, कधी पट्टा तुटायचा.

मग १९३४ चा हिवाळा आला.

त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन पोटदुखीने तळमळायला लागला. अपेंडिक्सचं दुखणं होतं, ते फुटून विष पोटात पसरलं. दवाखाना शेरब्रुकला, ५० किलोमीटरवर. मधला सगळा रस्ता बर्फाखाली. घोड्याच्या गाडीने तेवढं अंतर वेळेत कापणं शक्य नव्हतं. गॅरेजमध्ये प्रयोगाची गाडी होती, पण ती चालण्याच्या अवस्थेत नव्हती. पोरगं गेलं.

पंचक्रोशीतल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेकराला ५० किलोमीटर नेता आलं नाही. यावर तो काय बोलला, हे शोधण्यात फारसा अर्थ नाही. पुढच्या वर्षी त्याने काय केलं ते बघायला हवं.

बर्फावर गाडी चालवण्यात खरी अडचण वजनाची असते. बारीक चाक बर्फात घुसतं. वजन पसरवायचं तर चाकाऐवजी रणगाड्याला असतो तसा लांब पट्टा हवा. पण लोखंडी पट्टा जड, आणि त्याच्या दातांत बर्फ अडकून तो गोठतो. आर्मांडने १९३५ मध्ये यावर तोड काढली. रबराने मढवलेलं दातेरी चाक आणि त्याच्यावर फिरणारा रबरी पट्टा. रबर लवचीक, त्यामुळे बर्फ चिकटून राहत नाही आणि गाडी हलकी राहते. १९३७ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. आजही जगातली कुठलीही स्नोमोबाईल खालून पाहिली तर मूळ कल्पना हीच दिसते.

या पट्ट्यावर त्याने बी-७ नावाची गाडी बनवली. बी म्हणजे बॉम्बार्डियर, ७ म्हणजे सात माणसं. पुढे चाकांऐवजी स्की, मागे पट्टे, वर बंद टप. तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांमध्ये गावोगाव फिरणारे डॉक्टर होते. त्यानंतर बारा माणसांची बी-१२ आली. तिच्यातून टपाल जायचं, पोरं शाळेत जायची, आजारी माणसं दवाखान्यात जायची. १९४१ मध्ये वालकूरला नवा कारखाना उभा राहिला, वर्षाला २०० गाड्या बनवण्याच्या ताकदीचा. १९४२ मध्ये रीतसर कंपनी झाली.

तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. पेट्रोल आणि रबर दोन्ही तुटवड्यात. कॅनडा सरकारने नियम घातला की ज्याला ही गाडी घ्यायची आहे त्याने ती आपल्या पोटापाण्यासाठी गरजेची आहे हे आधी सिद्ध करावं. साध्या गिऱ्हाइकांची विक्री घटली. मग त्याने लष्करासाठी बर्फात आणि चिखलात चालणाऱ्या गाड्या बनवून दिल्या आणि कंपनी तगवली. सरकारच्या एका कागदाने धंदा कसा आडवा होतो, याचा हा पहिला अनुभव. दुसरा याहून मोठा होता.

युद्ध संपलं. गाड्यांना पुन्हा मागणी आली, कारखाना जोरात. आणि १९४८ मध्ये क्युबेक सरकारने कायदा केला की इथून पुढे हिवाळ्यात प्रांतातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढला जाईल. हमरस्ते तर साफ होतीलच, गावाकडचे रस्तेही होतील.

आता ही गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. हाच निर्णय १४ वर्षं आधी झाला असता, तर इव्हॉन कदाचित दवाखान्यात पोचला असता. गावाकडच्या प्रत्येक आईबापाला हवा असलेला निर्णय होता तो. आणि त्याच निर्णयाने आर्मांडची कंपनी जवळपास बसली. रस्ता साफ असेल तर साधी मोटार चालते, मग पट्ट्याची महागडी गाडी घेतं कोण? एका वर्षात कंपनीची विक्री जवळपास निम्म्यावर आली.

सरकारी पैसा ज्या वाटेवर पडतो, धंदा त्या वाटेने जातो, हे या गड्याला कुठल्या अर्थशास्त्राच्या वर्गात शिकावं लागलं नाही. त्याने सरकारविरुद्ध कपाळ बडवून घेतलं नाही. रस्ते साफ होणार, तर ते साफ करायला यंत्रं लागणारच की! त्याने शहरांतल्या फुटपाथवरचा बर्फ काढायला पट्ट्याची छोटी गाडी काढली. तोपर्यंत हे काम घोडे ओढत असलेल्या अवजारांनी व्हायचं. आता नगरपालिका त्याच्या गिऱ्हाईक झाल्या. शिवाय जिथे सरकारी रस्ता पोचणारच नव्हता तिथे त्याने नजर वळवली. जंगलं, खाणी, तेलाच्या विहिरी. १९५३ मध्ये त्याने मस्केग नावाचा पट्ट्याचा ट्रॅक्टर आणला. कॅनडात उत्तरेकडच्या दलदलीला मस्केग म्हणतात. बर्फ असो, चिखल असो, हा ट्रॅक्टर रुतायचा नाही. कंपनी सावरली.

मनातली जुनी गाडी मात्र राहिलीच होती. एका-दोघांना नेणारी, हलकी, कुणालाही चालवता येईल अशी. वीस-पंचवीस वर्षं अडलं होतं ते इंजिनापाशी. पुरेसं हलकं इंजिनच मिळत नव्हतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी तशी छोटी इंजिनं बाजारात आली आणि १९५९ मध्ये स्की-डू जन्माला आली. मुळात तिचं नाव स्की-डॉग ठेवायचं होतं, कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणारी म्हणून. छपाईच्या चुकीने डॉगचं डू झालं आणि त्याने ते तसंच ठेवलं, असं सांगितलं जातं. ही गाडी त्याने स्वतः ऑन्टारिओच्या उत्तरेला असलेल्या लान्सडाऊन हाऊस नावाच्या दुर्गम वस्तीत नेली आणि तिथल्या ओळखीच्या मिशनऱ्याला वापरायला दिली.

त्याच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होतं ते असंच. आडरानातले पाद्री, फासे लावून शिकार करणारे, जमिनीची मोजणी करणारे. पण घेतली कोणी? शहरातल्या आणि गावातल्या साध्या माणसांनी, निव्वळ मजेसाठी. पहिल्या वर्षी २२५ गाड्या खपल्या. चार वर्षांनी वर्षाचा आकडा ८ हजारांच्या पुढे गेला. जो हिवाळा लोक घरात बसून काढायचे, त्यात आता रविवारची जत्रा भरायला लागली.

दुसरा कोणी असता तर त्याने सगळा कारखाना स्की-डूला जुंपला असता. आर्मांडने उलट तिची जाहिरात थोडी आवरती घेतली. १९४८ तो विसरला नव्हता. सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्यावर काय होतं हे त्याने एकदा पाहिलं होतं, आणि मौजेची गाडी ही तर गरजेच्या गाडीपेक्षाही बेभरवशाची. मस्केगचा धंदा मागे पडू नये याची तो काळजी घेत राहिला.

पुढचं बघायला तो फार दिवस राहिला नाही. १८ फेब्रुवारी १९६४ ला कर्करोगाने त्याचं निधन झालं. वय फक्त ५६. नावावर ४० च्या वर पेटंट. कंपनी आधी मुलाने, मग जावयाने, लोरां बोदुआंने सांभाळली. त्यानेच पुढे मेट्रोचे डबे, रेल्वे आणि विमानांपर्यंत हा पसारा नेला.

इकडे स्की-डूच्या मागे डझनावारी कंपन्या उतरल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत एका हंगामात ५ लाखांच्या आसपास स्नोमोबाईल विकल्या जात होत्या. आणि जो प्रश्न १९३४ मध्ये होता तोच वेगळ्या वेषात परत आला. एवढ्या गाड्या चालणार कुठे?

रस्ते आता साफ, तिथे स्कीवरची गाडी चालत नाही. मग लोक शिरले शेतांत, कुंपणं ओलांडून, रेल्वेच्या रुळांकडेने, गोठलेल्या तळ्यांवरून. अपघात झाले. शेतकरी वैतागले. रात्री-अपरात्री इंजिनांचा आवाज. मग गावोगाव क्लब निघाले, शेतमालकांकडून परवानगी घेऊन वाटा आखू लागले. क्युबेकमध्ये १९७४ मध्ये अशा क्लबांचा महासंघ झाला. आज त्या एका प्रांतात स्नोमोबाईलच्या वाटांचं जाळं ३० हजार किलोमीटरहून मोठं आहे.

वाट आखणं सोपं, राखणं अवघड. गुलमर्गला जाऊन स्नोमोबाईलवर फेरी मारून आलेल्यांना ती धावते कशी हे ठाऊक आहे. अशा शेकडो गाड्या एकाच वाटेवरून गेल्या की बर्फ ढकलला जाऊन रांगेने गतिरोधक टाकल्यासारखे उंचवटे तयार होतात. दोन-चार दिवसांत वाट अशी होते की पाठीचे मणके मोजून घ्यावेत. म्हणून ग्रूमर फिरवावा लागतो. हे म्हणजे पट्ट्याचं दांडगं मशीन, मागे जड पोलादी पातं. ते उंचवटे कापतं, बर्फ ढवळतं, त्यातली हवा काढतं आणि दाबून सपाट करतं. क्रिकेटची पीच रोलरखाली बसवतात तसं. मग तो थर काही तास न तुडवता गोठू द्यावा लागतो, म्हणून हे काम शक्यतो रात्री चालतं. मशीन काही लाख डॉलरचं, वर डिझेल, दुरुस्ती, पूल, पाट्या. गंमत म्हणजे अशी मशीनं बनवणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांमध्ये बॉम्बार्डियर होतीच.

हा खर्च कोण देणार? मौजेसाठी फिरणाऱ्यांच्या वाटेवर सगळ्यांच्या करातून पैसा का घालायचा, हा सवाल तिकडे नेहमी होतो. त्यावर निघालेलं उत्तर समजून घेण्यासारखं आहे.

स्नोमोबाईल पेट्रोल जाळते. त्या पेट्रोलवर रस्त्यांसाठीचा कर लागतो. पण ती गाडी रस्त्यावर तर चालतच नाही! मग तिच्या टाकीतून जमा झालेला कर तिच्याच वाटेला परत द्या, असा हा युक्तिवाद. अमेरिकेत १९९१ मध्ये केंद्राने याच तत्त्वावर कायदा केला आणि रस्त्याबाहेरच्या मौजेच्या गाड्यांच्या इंधनकराचा पैसा वाटांच्या निधीकडे वळवला. त्यातला किमान ३० टक्के मोटारगाड्यांच्या वाटांना, ३० टक्के पायी, सायकल वगैरे वाटांना आणि उरलेला सगळ्यांना चालेल अशा कामांना. राज्यांचे हिशोब आणखी मजेशीर. विस्कॉन्सिनमध्ये नोंदणी झालेली प्रत्येक स्नोमोबाईल वर्षाला ५० गॅलन पेट्रोल पिते असं धरून तेवढा कर निधीत टाकतात. मिनेसोटात राज्याच्या पेट्रोलकराचा १ टक्का स्नोमोबाईलचा असं कायद्यातच लिहिलंय. शिवाय नोंदणी शुल्क. क्युबेकमध्ये चालकाला वाटेवर उतरायचा पास दरवर्षी विकत घ्यावा लागतो आणि वर सरकारी अनुदानाची भर पडते. तरीही हे सगळं गाडं चालतं ते गावकऱ्यांच्या श्रमदानावर. झाडं तोडणं, पाट्या रोवणं, रात्री ग्रूमर हाकणं यातलं बरंच काम क्लबचे लोक फुकट करतात.

पाठिंबा देणारे म्हणतात, हिवाळ्यात या वाटांवरच आडगावचे ढाबे, हॉटेलं आणि पेट्रोल पंप जगतात. विरोध करणाऱ्यांचंही खोटं नाही. क्युबेकच्या लॉरेन्टियन डोंगरात जुन्या रेल्वेमार्गाची वाट केली होती. तिच्या कडेला राहणारे लोक स्नोमोबाईलच्या आवाजाला आणि धुराला कंटाळून कोर्टात गेले आणि २००४ मध्ये जिंकले. नुकसानभरपाई द्यायची पाळी सार्वजनिक संस्थांवर आली. म्हणजे वाट चालू ठेवायचा खर्चही जनतेचा आणि ती चुकीच्या जागी काढल्याचा दंडही जनतेचाच. त्यानंतर प्रांत सरकारने कायदा बदलून असे दावे काही वर्षांसाठी रोखून धरले. त्यावरूनही पुष्कळ आरडाओरडा झाला.

आता त्यात आणखी एक भानगड आहे. बर्फ कमी पडला की लोक पास घेत नाहीत, गाड्यांची नोंदणी टाळतात, पैसा आटतो. ग्रूमरचा हप्ता मात्र बर्फ पडला काय, न पडला काय, भरावाच लागतो.

मूळ बॉम्बार्डियर कंपनीने २००३ मध्ये स्नोमोबाईलचा धंदा वेगळा काढला. रेल्वेचा भाग २०२१ मध्ये फ्रेंच अल्स्टॉमकडे गेला. स्की-डू मात्र अजून वालकूरमध्येच बनते. गावात आर्मांडच्या नावाचं संग्रहालय आहे, आणि त्याचं १९२६ चं छोटं गॅरेज तिथे जपून ठेवलंय.